उदाहरणार्थ, धाकटी मुलगी

—की वाक्यांना हात लावायचा नाही. बास. पहिल्या दिवशी मला एवढंच सांगितलं गेलं. पिण्याचं पाणी कुठलं, रजा कुणाकडे मागायची, पंख्याचं कुठलं बटण दाबलं की दिवा लागतो, हे काही नाही. थेट हा नियम. शब्दाचा अर्थ जुना वाटला तर बदल, शुद्धलेखन सुधार, नवे शब्द घाल, पण अर्थापुढे जे उदाहरणाचं वाक्य असतं ना, ते मोठ्या सरांचं. मोठे सर म्हणजे हे भिंतीवरचे. ट्यूबलाइटच्या उजेडात डोळे दिसत नाहीत त्यांचे, नुसता चष्माच दिसतो. हा मुलांचा शब्दकोश त्यांनी एकट्यानं लिहिला, नऊ हजार शब्द, नऊ हजार वाक्यं, आणि पहिलीनंतर आणखी सहा आवृत्त्या निघाल्या, पण वाक्यातला एक काना इकडचा तिकडे झाला नाही. मी विचारलं, "का नाही लावायचा हात?" तर अध्यक्ष म्हणाले, "बाळ, का हा प्रश्न इथे विचारायचा नसतो." शब्दकोशाच्या कचेरीत हं! जिथे 'का' या शब्दाला स्वतःचं कार्ड आहे, चौथ्या खणात! — बसा ना तुम्ही, उभे कशाला? ती नको, तिचा पाय निखळलाय, फक्त पाहुण्यांना पाडते ती. हां, ही घ्या.

पानं मिळतील हो. तुमचं मशीन उद्यापासून आमच्यासाठी मोकळं ठेवलंय, ठाऊक आहे, सकाळपासून तीन फोन झालेत तुमचे. प्रश्न इतकाच आहे की कुठली पानं. हा डावीकडचा गठ्ठा बघा, यात जुनी वाक्यं जशीच्या तशी. हा उजवीकडचा, यात बदललेली. आणि आत, त्या अर्धवट दाराच्या मागे, तिघं बसलीयत. अध्यक्ष, म्हणजे मोठ्या सरांचे चिरंजीव. व्याकरणकाका, निवृत्त मास्तर, चहा ढवळायला लागले की साखर विरघळून पुन्हा तयार होईल इतका वेळ ढवळतात — ऐका, येतोय ना आवाज? तेच. आणि ताई, अध्यक्षांची बहीण. अठ्ठेचाळीस वर्षं कार्डं लावतायत. त्यांचा आवाज तुम्हाला येणार नाही, कारण त्या बोलत नाहीत. तर ठरायचंय असं की डावा गठ्ठा जाणार की उजवा. डावा जायचा असेल तर माझी सही लागते. पहिल्या पानावर छापतो आपण, तुम्हीच छापता — 'या कोशातील उदाहरणवाक्ये मूळ संपादकांची असून त्यांत एका अक्षराचाही बदल केलेला नाही' — आणि खाली तपासणाऱ्याची सही. सहा वेळा ताईंनी केली. आता त्यांना मोतीबिंदू झालाय, म्हणून यंदा मी. आणि सही केली नाही तर मी उद्यापासून कुठली कार्डं लावायची ते मला माहीत नाही. म्हणजे माहितेय. कुठलीच नाही.

तुम्ही वाचलाय का हो कधी आपला कोश? छापलाय ते राहू द्या. वाचलाय? नाही ना. कुणीच वाचत नाही, तिथेच तर सगळं मुरलंय. हा घ्या, 'उशीर' काढा. उ, उ, पुढे — उशी, उशीर. वाचा मोठ्यानं. 'छापखानेवाले नेहमी उशीर करतात.' हा हा! नाही नाही, हसते म्हणून रागावू नका. तुमच्या वडिलांनी छापलं हे, तुम्ही स्वतः दोनदा छापलंत, स्वतःच्या शाईनं, स्वतःच्या मशीनवर, आणि वेळेवर! एकदाही उशीर केला नाहीत तुम्ही. मग हे आलं कुठून? कधीतरी कुणा एका छापखान्यानं एकदा उशीर केला असेल, मोठे सर चिडले असतील, त्या दिवशी हातात 'उ' असेल, झालं. आणि पन्नासेक वर्षं शाळेतली पोरं शिकतायत की तुमची जात — म्हणजे धंदा हो — उशीर करणाऱ्यांचा. लागलं ना? कान लाल झालेत तुमचे. एका वाक्याचे.

आता 'चोरी' काढा. राहू दे, मीच सांगते, पाठ आहे मला. 'मोलकरणीने चोरी केली.' 'लबाड' — 'भंगारवाला लबाड होता.' 'गोरी' — 'राजकन्या गोरी होती', आणि 'काळा'ला कोण? 'दरोडेखोर.' 'धाडसी'ला मुलगा, 'भित्रा'ला मुलगी. आता 'भित्रा' हा शब्द असताना वाक्यात 'भित्री' का घालावं लागतं, सांगा बरं! आणि चोरीचं वाक्य पाठ का आहे? कारण हाच कोश होता माझ्या शाळेत. चौथीत बाईंनी उभं केलं, म्हणाल्या चोरीचं वाक्य सांग, मी खणखणीत सांगितलं. माझी मावशी त्याच बाईंच्या घरी भांडी घासायची. मला पैकीच्या पैकी मिळाले आणि मी घरी येऊन मावशीलाच पहिल्यांदा सांगितलं, नाचत नाचत. तिनं विचारलं, कुठला शब्द विचारला गं? मी सांगितलं. ती म्हणाली, वा. — हे मी इथे कुणाला बोलले नाहीये. तुम्हीही ऐकलं नाहीत असं धरा.

तर सुरुवातीला मी सरळ विचारलं हं, चोरून काही केलं नाही. ह्याच टेबलापाशी. व्याकरणकाका म्हणाले, "अगं, वाक्य हे फक्त अर्थ कळावा म्हणून असतं. मुलं वाक्यातलं माणूस बघत नाहीत, शब्द बघतात." मी म्हटलं, बघत नाहीत ना? मग बदलू या की. कुणाला कळणारही नाही. तर लगेच, "नाही नाही, तसं कसं!" म्हणजे बदललं की दिसतं आणि न बदललं की दिसत नाही, असलं हे अदृश्य माणूस! मग म्हणाले, "जग तसंच आहे, आम्ही काय करणार?" मी म्हटलं, काका, तुमच्याच घरी तुम्ही भाजी चिरता, तुमच्या सौ. बँकेत साहेब होत्या, आणि तुम्ही चाळीस वर्षं 'नवरा कमावतो, बायको खर्च करते' हे वाक्य तपासून खाली टिकमार्क करताय. जग कुठलं तुमचं? त्यावर ढवळणं सुरू. चहात साखर नव्हती तरी.

मग मी एक युक्ती काढली. उलटं वाचन. फार सोपं आहे, तुम्हीही करून बघा, घरी आलेल्या पत्रावर करा, पेपरवर करा. वाक्यात बाई असेल तिथे पुरुष वाचायचा, मालक असेल तिथे नोकर, तरुण तिथे म्हातारा. बाकी काही बदलायचं नाही. आणि मोठ्यानं वाचायचं. मनात वाचलं तर मन वाक्याच्या बाजूनं साक्ष देतं. उलटून वाचल्यावर हसू आलं, की समजायचं सुलट वाक्यात काहीतरी दडून बसलंय. मी यांच्यासमोर वाचलं — मूळ वाक्य असं की 'वडील दमून घरी येतात, आई हसतमुखाने पाणी देते.' मी वाचलं, 'आई दमून घरी येते, वडील हसतमुखाने पाणी देतात.' अध्यक्षांना असा ठसका लागला की खरंच पाणी द्यावं लागलं. कुणी दिलं? ताईंनी. हसतमुखानं नाही, पण दिलं. मग 'मालकिणीने चोरी केली.' मग 'दरोडेखोर गोरा होता.' व्याकरणकाका म्हणाले, "हे काहीतरीच." मी म्हटलं, का? गोऱ्यांनी घरफोडी करायची नाही असा नियम आहे का? "बाळ, तू फार आगाऊ आहेस." बघा, बाळ! मी सव्वीस वर्षांची. ह्या दोघांपेक्षा दोन पदव्या जास्त आहेत माझ्याकडे, चष्म्याचा नंबरही जास्त आहे, तरी बाळ. यांना चिमटा काढला की हे आपलं वय काढून दाखवतात, जसं काही मी ते नेणार होते.

नाही, पण खरं सांगू? खरं सांगते. पहिला महिना मीही मूर्खपणाच केला. मला वाटलं, उलटायचंच आहे ना, उलटू या सगळं! घरी बसून तीनशे वाक्यं लिहिली. आई विमान चालवते. काकू ट्रक चालवते. आत्या पूल बांधते. मामी पाणबुडीत बसून समुद्राच्या तळाशी जाते. ताईंना दाखवली. त्यांनी सगळी वाचली, भिंग लावून, तास गेला, आणि वर न बघता म्हणाल्या, "घरी आहे का गं कुणी, का कुलूप आहे?" अठ्ठेचाळीस वर्षांत ह्या बाई विनोद करतात हे कुणाला माहीतच नव्हतं! मी इतकी हसले की व्याकरणकाका उठून बघायला आले. मग ताई म्हणाल्या, तुझी वाक्यं आहेत का पोस्टर? मुलाला 'पूल' हा शब्द कळला पाहिजे, आत्या नंतर. आणि बरोबर होतं त्यांचं. पूल कळायचा तर पुलाखालून पाणी गेलं पाहिजे, नुसतं आत्याला उभं करून भागत नाही. तेव्हा पुन्हा सगळी लिहिली. काही बाया बाहेर, काही घरात, काही पुरुषही घरात, काही लोक नुसते बाकावर बसलेले — माणसं बसतात हो, प्रत्येकानं पराक्रम केलाच पाहिजे असं नाही.

आणि मग ते झालं. सांगू का नको... पानं मिळेपर्यंत बसायचंच आहे तुम्हाला, ऐका. मी दुसरा खर्डा दिला, छाती फुगवून दिला, म्हटलं आता काढा खोड. दुसऱ्या दिवशी परत आला. समासात पेन्सिलीनं बारीक बारीक टिंबं, आणि शेवटच्या पानाच्या मागे हिशेब मांडावा तसं लिहिलेलं, ताईंच्या मोत्यासारख्या अक्षरात. 'म्हातारी माणसे: सत्तावीस. झोपलेली: नऊ. बहिरी: सहा. दुसऱ्याला अडवणारी: आठ. विसरलेली: चार.' आणि खाली एक ओळ — 'शहाणे: कोणी सापडले नाही.' मला वाटलं थट्टा आहे. मी पुन्हा मोजलं. सत्तावीसच. माझं उलटं वाचन माझ्यावरच चालवलं होतं त्यांनी — म्हातारा तिथे तरुण. 'तरुण माणसं नेहमी मध्येच झोपतात.' 'तरुणांना काही सांगून उपयोग नाही.' तुम्हाला सांगते, माझे आजोबा माझ्याबरोबर राहतात, म्हणजे मी त्यांच्याबरोबर राहते. त्यांना भिंतीपलीकडून माझ्या फोनवरचं बोलणं ऐकू येतं, तेच तर आमचं भांडण! आणि मी काय लिहिलं होतं? 'आजोबांना काहीच ऐकू येत नाही.' ज्या माणसानं मला सायकल शिकवली, भागाकार शिकवला, शिट्टी वाजवायला शिकवलं, त्याला मी 'बहिरा' या शब्दाखाली चिकटवून मोकळी झाले. मुद्दाम? छे! मुद्दाम केलं असतं तर लपवलं असतं. मला माहीतच नव्हतं. मोठ्या सरांनाही माहीत नसेल, आता वाटतं — थांबा, मी त्यांची बाजू घेत नाहीये हं! नुसतं म्हणतेय.

म्हणजे बघा, आपण लिहितो ना, तेव्हा हात जो जवळ असेल त्यालाच धरतो. घाईत तर नक्कीच. आणि मी इथल्या तिघांवर इतकी वैतागले होते की माझ्या हाताला तेच लागायचे. दोघांवर, म्हणा. ताई त्यात उगाच. तर त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की कुणाचंही वाक्य एकटीनं पक्कं करायचं नाही. मी लिहिलेलं ताई वाचणार, ताईंनी लिहिलेलं मी, आणि दोघींनी मोठ्यानं, एकदा सुलट, एकदा उलट. लिहिलं त्याच दिवशी नाही वाचायचं, आठवडा खणात ठेवायचं. लिहिताना आपण आपल्याच वाक्याच्या प्रेमात असतो, आठवड्यानं ते उतरतं. आठ महिने चाललं हे, रोज जेवणानंतर, अध्यक्ष आत डुलकी — झोपायचे. झोपायचेच हो, खरंच झोपायचे, हे काही मी पूर्वग्रहानं म्हणत नाहीये! नऊ हजारांपैकी अकराशे चाळीस वाक्यं बदलली. बाकीची तशीच आहेत. मोठे सर लिहायचे चांगलं, ते कबूल करावं लागेल. 'ओढ' या शब्दाला त्यांनी काय लिहिलंय — 'गाडी सुटली तरी त्याचे डोळे फलाटावरच होते.' शब्दच नाही वाक्यात, तरी कळतो. असं मला जन्मात जमणार नाही. आणि तोच माणूस मोलकरणीला चोर करतो. म्हणजे लिहिता येण्याचा आणि दिसण्याचा काही संबंध नाही, असंच ना?

चहा घेणार? नको तर नको. — हो, मघापासून बघताय तुम्ही त्या कार्डाकडे. माझ्या बोटाखालचं. उगाच काढून ठेवलंय. म्हणजे उगाच नाही. नाही, दाखवत नाही. ...काय होतं, प्रत्येक कार्डाच्या मागे मोठे सर तारीख टाकायचे. कोशात अक्षरांच्या क्रमानं लागतात ती, म्हणून कधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मी एकदा गंमत म्हणून काही कार्डं तारखेनं लावली. आणि काय सांगू, घरच उभं राहिलं! एका आठवड्यात 'अंगण', 'हट्ट', 'दूध सांडणे', 'हुंदका' — सगळं एकाच पोराचं. 'हुशार — माझा मुलगा वर्गात हुशार आहे.' हे आमचे अध्यक्ष, वय वर्षं चौदा. त्यांना माहीतसुद्धा नाही की ते आपल्याच कोशात हुशार म्हणून छापलेत, नाहीतर भेटीला आलेल्या प्रत्येकाला पान उघडून दाखवलं असतं. 'थकणे — माझी आई कधी थकत नाही', आणि पुढच्या दोन महिन्यांत 'औषध', 'ताप', 'अशक्त', 'उशाशी'. माणूस नोकरी करून रोज संध्याकाळी चाळीस कार्डं लिहायचा, जो समोरून जाईल तो वाक्यात. आणि एका दिवशी 'म'. 'मऊ', 'मखमल', 'मचाण', 'मठ्ठ'. 'मठ्ठ — माझी धाकटी मुलगी मठ्ठ आहे.'

ताईच. हो. धाकटी मुलगी एकच होती.

मी हे तुम्हाला सांगायला नको होतं. शपथ घातली होती त्यांनी. मी कार्ड घेऊन गेले तर त्या म्हणाल्या, "मला गोवर झाला होता. शाळा बुडली, वर्ष बुडलं. बाबांना वाक्य हवं होतं आणि मी समोर होते." एवढंच. आवाज चढला नाही, उतरला नाही. मग दोन दिवसांनी, मी काही विचारलं नसताना, कार्डं लावता लावता म्हणाल्या की पहिली आवृत्ती निघाली तेव्हा त्या सहावीत होत्या. मोठ्या सरांचाच कोश, सरांच्याच मुलीच्या वर्गात, सगळ्यांच्या दप्तरात. पोरींनी पान शोधून ठेवलं होतं. फळ्यावर नुसता पान क्रमांक लिहायच्या, शब्दसुद्धा नाही. दहावीनंतर त्या शाळेकडे वळल्या नाहीत. कार्डं लावायला बसल्या. आणि ज्या बाईला मी नऊ हजार शब्द खण न उघडता सांगताना ऐकलंय, कुठल्या आवृत्तीत कुठल्या पानावर काय चुकलं होतं ते तोंडपाठ, तिनं सहा वेळा ते 'म'चं पान तपासलं, त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या, ते वाक्य तसंच ठेवलं आणि पहिल्या पानावर सही केली, एका अक्षराचाही बदल नाही म्हणून. सहा वेळा! मी ओरडले त्यांच्यावर. अशी ओरडले! म्हटलं एक रेघ मारायची होती, एक रेघ, कुणाला कळलं असतं? तर म्हणाल्या, "मला कळलं असतं. बाबांनी नियम केला होता."

नवीन वाक्य त्यांनीच लिहावं असं मी म्हटलं. आधी लिहिलं, 'तो बैल मठ्ठ होता.' मग दुसऱ्या दिवशी स्वतःच खोडलं, "बैलानं काय केलंय?" चार महिने लागले त्या एका वाक्याला. खणात ठेवायच्या, काढायच्या. आता असं आहे — थांबा, उजव्या गठ्ठ्यात आहे, हे — 'शिकवणारा कंटाळला, की त्याला समोरचे मूल मठ्ठ वाटते.' बघा. बघा हे वाक्य! मोठ्या सरांच्या ओढीच्या वाक्याशेजारी बसेल की नाही? हे छापायचंय मला. बाकी अकराशे एकोणचाळीस गेली तरी — नाही, तीही जायला नकोत, पण हे. त्यांच्या हयातीत. नववी आवृत्ती निघेल बारा वर्षांनी. ताई पासष्ट वर्षांच्या आहेत, डोळे हे असे.

श्श. ढवळणं थांबलं.

— हो, ऐकतेय. आले. ...नाही, दारातूनच बोलते, आत खुर्ची नाही. काय ठरलं? ...डावा गठ्ठा. बरं. आणि माझी वाक्यं? 'मागे परिशिष्टात, एक पानभर, तरुण पिढीचे प्रयोग' — काका, हे तुमच्या डोक्यातून आलं ना? प्रयोग! ...नाही, मी चढ्या आवाजात बोलत नाहीये, माझा आवाज असाच आहे. पेन आहे माझ्याकडे. ...नाही. ...नाही म्हणजे नाही, अध्यक्ष, सही करणार नाही. ...हो, मोठ्या सरांचा नियम आहे, मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मी विसरले नाही. ...कारण?

कारण...

...कारण आहे. एका शब्दाचं आहे, पानाचा आकडा माझ्या जिभेवर आहे, तुम्ही आत्ता पान उघडलंत तर — नाही. सोडा. ते माझं नाही सांगायचं. माझ्यापुरतं सांगते. वर काय लिहिलंय त्या कागदावर? 'तपासणाऱ्याची सही.' न तपासता मागितली असती तर कदाचित दिलीही असती, अशा शंभर सह्या करतो आपण. पण मी तपासलंय. आठ महिने, एकेक वाक्य, सुलट आणि उलट, स्वतःची लाज निघेपर्यंत तपासलंय. म्हणून नाही. ...काढा कामावरून. ...बाळ म्हणू नका मला.

...'मग ताई करेल, नेहमीसारखी.' हो, विचारा की. तुमच्या समोरच बसल्यात. द्या कागद त्यांच्याकडे. बोट ठेवून जागा दाखवा हवी तर, दिसत नाही ना त्यांना.

...

तुम्हाला दिसतंय का तिथून? नाही दिसत. पेन घेतलंय हातात. टोपण काढलं. कागद डोळ्यांशी धरलाय, अगदी नाकाला लागेल इतका, वाचतायत. सहाही वेळा पाठ झालेलं वाक्य, वाचतायत. ...काका तोंड उघडून बसलेत. ...आता खाली ठेवला. टोपण लावलं. लावलं हो! दोनदा दाबलं, टक् टक्. कागद फिरवून भावाकडे सरकवला, सही करायची जागा त्यांच्याकडे करून. पेनही ठेवलं त्यावर. आणि हात मांडीवर घेऊन बसल्यात.

अध्यक्ष पेनकडे बघतायत. हात नाही लावत.

हळू बोला. आतही मोठ्या सरांचा फोटो आहे, त्याच्याकडे बघतायत दोघं, आणि ताई बघतायत दोघांकडे. चमचासुद्धा नाही वाजत. दोन वर्षांत पहिल्यांदा —

तुम्ही निघा आता. नाही, कुठलाच गठ्ठा नाही. दोन्ही इथेच राहतील. मशीन द्या कुणाला द्यायचंय त्याला, मी विचारू नाही शकत आत्ता, आणि तुम्हीही विचारू नका. या तुम्ही. दार हळू ओढा.